कोणी न शोधलेली फाईल

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला टेलरताई पतसंस्थेचा जिना चढता चढता मला म्हणाली, "काका, चेक घेऊन आले की आधी तुमच्याकडेच येते. जागामालकाला द्यायची चिठ्ठी तेवढी नीट लिहून द्या."

पावणेअकराला ती खाली आली. हातात चेक नव्हता. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या असताना ती तिथेच बसली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, आणि म्हणाली, "फाईल नाही."

"नाही म्हणजे?"

"कपाटात नाही. बुधवारी मंजूर झाली. काल सकाळी मॅनेजर साहेबांनी स्वतः सांगितलं, शुक्रवारी येऊन चेक घेऊन जा. आणि आज म्हणतात, फाईल हरवली. नवा अर्ज करा, पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठेवू."

"आणि जागामालक?"

"सोमवारी दुपारी चारपर्यंत थांबणार. नंतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे त्याच्याकडे."

ती अकरा वर्षं भाड्याने चालवत असलेलं शिलाईचं दुकान विकायला निघालं होतं. मागच्या खोलीत ती आणि तिची शाळेत जाणारी मुलगी राहत. म्हणजे दुकान गेलं की घरही गेलं. अर्धे पैसे तिने जमवले होते, उरलेले वरच्या पतसंस्थेतून मिळायचे होते.

मी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली नाही, नुसतं हातात धरून ठेवलं.

"काका," ती म्हणाली, "एक पान हरवतं, एक पावती हरवते. पण माझं ते गाठोडं तुम्ही बघितलंय ना? तेवढं मोठं गाठोडं हरवतं कसं?"

प्रश्न बरोबर होता.

२

मी जिन्याखाली घडीचं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. अठरा वर्षं झाली. वरच्या पतसंस्थेत माणसांचे दोन प्रकार आहेत: पगारदार आणि बाकीचे. पगारदाराचा अर्ज एका पानाचा असतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडल्या की झालं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला मात्र आपण कमावतो हे सिद्ध करावं लागतं. आणि तो बाहेरून आलेला असला, तर पैसे घेऊन पळून जाणार नाही हेही सिद्ध करावं लागतं. टेलरताई दोन्हीत बसत होती. धंदा स्वतःचा, आणि बावीस वर्षांपूर्वी भावाच्या मागोमाग बाहेरून आलेली. तिच्या रहिवासाच्या कागदासाठी मी तिच्याबरोबर सात वेळा सरकारी कचेरीत गेलो होतो.

तिला पगाराची पावती कोण देणार? तिने कमाईचा पुरावा म्हणून तीन वर्षांची आपली पावतीपुस्तकं आणली. पँट आखूड करणे, चेन बदलणे, पडदे, गणवेश. प्रत्येक कामाची कार्बन लावून काढलेली प्रत. एकोणीस पुस्तकं. अर्ज देण्याच्या दिवशी याच जिन्यावर त्या गाठोड्याचा पट्टा तुटला आणि पुस्तकं पायऱ्यापायऱ्यांवर पसरली. आम्ही दोघांनी ती गोळा केली. माझ्याकडची लाल फीत मी आडवीउभी घालून बांधून दिली आणि ती वर गेली. तेव्हा आम्ही हसलोही होतो.

एवढ्यावर भागत नव्हतंच. हमीदार लागतो, आणि हमीदार पगारदारच लागतो. तिचा दादा बसच्या गॅरेजमध्ये कायम नोकरीला. त्याने पंधरा दिवस आधी जेवणाच्या सुट्टीत हमीपत्रावर सही करून दिली होती, ती ताईनेच माझ्याकडे आणून दिली. दादा स्वतः इकडे फिरकलाही नव्हता.

मी हे सगळं मनात चाळत होतो, तोवर ताईसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. रस्त्यावर त्याला सगळे कमिशनवाला म्हणतात. खाजगी सावकारी कंपन्यांना गिऱ्हाईक आणून देतो, दर माणशी पैसे घेतो.

"बाई, वाईट झालं हो," तो म्हणाला. "पण चिंता करू नका. आमच्याकडे कागद लागत नाहीत, हमीदार लागत नाही. आज सही, उद्या पैसे. व्याज थोडं जास्त आहे, एवढंच."

ताईने व्याज विचारलं. त्याने सांगितलं. तिने मनातल्या मनात हप्ता मांडला असावा, कारण तिचा चेहरा उतरला. "मग दुकान मी कुणासाठी चालवायचं?" एवढंच म्हणून ती उठून गेली.

तो वळला तसा मी त्याच्या बाहीला धरलं. ताईला खाली येऊन दहा मिनिटं झाली नव्हती. आम्हा दोघांखेरीज खाली कुणालाही काही ठाऊक नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

३

कमिशनवाल्याला बोलतं करायला फार काही लागत नाही. त्याच्या गिऱ्हाइकांचे अर्ज मीच लिहितो. मी लिहिले नाहीत, तर त्याला एक ओळ धड लिहिता येत नाही.

"फाईल तू उचललीस?" मी सरळ विचारलं. "ताईचं कर्ज अडलं की ती तुझ्याकडे येणार. फायदा तुझाच."

"काका, वेड लागलंय का तुम्हाला? मला वर पाऊल टाकू देतात का ते? शिपाई मला नावं देतो. कुणाचं अडलं, कुणाचं नामंजूर झालं. मी त्याला चहापाण्याचे देतो. बस."

"म्हणजे शिपायाने आज सकाळी तुला सांगितलं."

"आज?" तो गोंधळला. "आज नाही. काल संध्याकाळी. म्हणाला, टेलरबाईंचं काम उद्या अडणार आहे, सकाळीच गाठ."

मी त्याची बाही सोडली.

फाईल हरवल्याचं शुक्रवारी सकाळी कपाट उघडल्यावर कळलं, असं वरचे सांगत होते. आणि ती हरवणार हे शिपायाला गुरुवारी संध्याकाळीच ठाऊक होतं.

दुपारी मी जागामालकाकडे गेलो. संशय घ्यायचा तर त्याच्यावर आधी घ्यायला हवा होता. दुसरं गिऱ्हाईक जास्त पैसे देत होतं, पण ताईला तोंडाने शब्द देऊन बसला होता. तो आपल्या रंगाच्या दुकानात डबे मोजत होता.

"गुरुवारी वर गेला होतात?" मी विचारलं.

"गेलो होतो," तो बिनदिक्कत म्हणाला. "दुपारी दोन वाजता. म्हटलं, बघावं, या बाईला खरंच पैसे देतायत की नुसतंच झुलवतायत. मॅनेजर म्हणाला, उद्या चेक देतोय, फाईल ही काय समोर. खोटं कशाला बोलू, मी तोंड पाडूनच खाली उतरलो."

"फाईल बघितलीत?"

"बघितली की. त्याच्या टेबलावर एवढा ढीग. मला वाटलं रद्दी आहे."

तो लबाड असेल, पण हे खरं बोलत होता. आपण तोंड पाडून उतरलो हे कुणी फुकट सांगत नाही. म्हणजे गुरुवारी दुपारी दोनला गाठोडं मॅनेजरच्या टेबलावर होतं. साडेपाचला संस्था बंद होते. मधल्या साडेतीन तासांत काहीतरी झालं होतं.

आणि त्यातला शेवटचा दीड तास मी जागेवर नव्हतो. दर गुरुवारी चार वाजता मी डोळ्यांच्या दवाखान्यात जातो. हे जिन्यावरून वर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

४

शनिवारी सकाळी संस्था उघडल्याबरोबर मी वर गेलो. निमित्त होतं, दुसऱ्या एका अर्जदाराचे कागद द्यायचे.

मागे एकदा या संस्थेत कागदाला भोकं पाडायचं यंत्र सापडेना. दोन दिवस धिंगाणा चालला होता. कपाटं ओढली, टेबलं पालथी घातली, शिपायाच्या डब्याची पिशवीसुद्धा तपासली. शेवटी ते खिडकीत सापडलं. ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्या सकाळी मी काय शोधतोय हे मला नेमकं ठाऊक होतं.

कपाटाच्या डोक्यावर धुळीचा थर तसाच होता. त्यात जुन्या कपाच्या बुडाचं गोल वळंसुद्धा मोडलं नव्हतं. कोपऱ्यातल्या जुन्या फायलींची चळत भिंतीला चिकटून होती, तिच्यावरची जळमटं शाबूत. शिपाई स्टुलावर बसून नखं कापत होता. मॅनेजर केबिनमध्ये होते. पैशांच्या खिडकीत बसणाऱ्या बाई मान खाली घालून लिहीत होत्या. मंजूर झालेल्या कर्जाची फाईल, मूळ कागदांसकट, गायब झाली होती, आणि त्या खोलीत ती कोणीही शोधली नव्हती.

हरवलेली वस्तू माणूस शोधतो. कुठे आहे हे ठाऊक असेल, तरच शोधत नाही.

"काय हो, सापडली का फाईल?" मी शिपायाला विचारलं.

"कुठली?" तो म्हणाला. मग सावरून, "हां, ती. नाही सापडली."

"गुरुवारी चारनंतर कोण कोण आलं होतं?"

"सभासद दिवसभर येतात. मी काय चेहरे लिहून ठेवतो?" त्याने मॅनेजरच्या केबिनकडे पाहिलं आणि पुन्हा नखांकडे वळला.

खाली आल्यावर मी ताईला फोन केला. "काल वरून निघताना त्यांनी तुला काही दिलं?"

"अर्जाची फी परत दिली. पावतीवर सही घेतली. ती पावती माझ्याकडेच आहे."

"घेऊन ये."

ती पाच मिनिटांत आली. बोटात शिवणकामाचं अंगुस्तान तसंच होतं, काम टाकून आलेली. मी पावती उजेडात धरली. 'अर्ज शुल्क परत.' त्यावर शिक्का गुरुवारचा.

आधी वाटलं, खिडकीतल्या बाई शुक्रवारी सकाळी शिक्क्याची तारीख फिरवायला विसरल्या असतील. होतं असं. म्हणून मी आकडा पाहिला. अकराशे सत्याऐंशी. माझ्या पेटीत लोकांच्या पावत्या पडलेल्या असतातच. गुरुवारी पाचच्या सुमाराला सायकल दुरुस्तीवाल्याने हप्ता भरला होता, त्याची पावती अकराशे शहाऐंशी. शुक्रवारी दार उघडताच भरलेल्या एकाची अकराशे अठ्ठ्याऐंशी, आणि तिच्यावर तारीख शुक्रवारचीच.

ताईची पावती गुरुवारी पाचनंतर, संस्था बंद होण्याआधी फाडलेली होती. कर्ज मिळणार नाही हे तिथे ठरलं, लिहिलं गेलं, वहीत चढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं, फाईल हरवली.

"काय झालं काका?" ताईने विचारलं. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"काही नाही," मी म्हणालो. "दादाला परत एक सही करायला लावू. मी जाऊन येतो गॅरेजवर."

मला तेव्हा खरंच तेवढंच वाटत होतं.

५

दादा एका उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. मला पाहून त्याने सुताच्या चिंध्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

"ताईने सांगितलं मला," तो म्हणाला. "वाईट झालं."

"परत हमीपत्रावर सही लागेल. नवं आणलंय मी."

"सही काय, शंभर करीन. बहीण आहे माझी. पण आता उपयोग काय? पुढच्या महिन्यात बैठक, सोमवारी मुदत." त्याने मान हलवली. "तीन वर्षं सांभाळलेली पुस्तकं हो तिची. लाल फितीत बांधलेलं एवढं मोठं गाठोडं, कुणी नेलं असेल? माणसं अशी का वागतात, कळत नाही."

मी हो म्हणालो. त्याने सही केली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि परतीच्या बसमध्ये बसलो. तीन थांबे गेले. चौथ्या थांब्याला मी उतरलो, माझा थांबा नसताना, आणि फुटपाथवर उभं राहून ताईला फोन लावला.

"दादाला तू गाठोड्याचं काय काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? फाईल हरवली म्हणाले."

"पट्टा तुटला, पुस्तकं जिन्यावर सांडली, मी फीत बांधली, हे सांगितलंस?"

"छे! तो पट्टा दादाच्याच बॅगेचा होता. न विचारता काढून घेतला होता मी. तुटला म्हटलं असतं तर ओरडला असता." ती थांबली. "का हो?"

"असंच," मी म्हणालो.

ती फीत मी बांधली ती संस्थेच्या जिन्यावर, आणि गाठोडं तिथून सरळ वर गेलं. त्यानंतर ते कुणाला दिसलं असेल, तर वरच.

६

शनिवारी संस्था एकला बंद होते. मी पाऊण वाजता वर गेलो. मॅनेजरच्या केबिनकडे न जाता सरळ खिडकीतल्या बाईंसमोर उभा राहिलो.

"बाई," मी म्हणालो, "फाईल हरवली नाही. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत कर्ज पक्कं होतं, जागामालकाने ती फाईल साहेबांच्या टेबलावर पाहिली. पाचनंतर तुम्ही फी परत केल्याची पावती फाडली. म्हणजे मधल्या वेळात अर्ज रद्द झाला. अर्जदार आली नव्हती, ती दुकानात होती. मंजूर कर्ज अर्जदाराशिवाय एकाच माणसाला थांबवता येतं, हमीदाराला. त्याने हमी मागे घेतली की फाईल तिथल्या तिथे बंद. दादा इथे आला होता. लाल फीत त्याने इथेच पाहिली."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग खालचा खण ओढला. गाठोडं आत होतं. माझी गाठ तशीच.

"मंगळवारी सापडणार होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कपाटामागे पडलं होतं, असं सांगायचं ठरलं होतं."

"पावती गुरुवारचीच का फाडलीत? शुक्रवारची फाडली असती तर मला कळलंही नसतं."

"ज्या दिवशीचं त्या दिवशी लिहायचं, हे मला शिकवलंय. खोटं बोलायला सांगितलं ते बोलले. खोटं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं."

मॅनेजर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. चिडलेले नव्हते. उलट, बरं झालं एकदाचं, असा चेहरा.

"काका, नियम तुम्हाला माहीत आहेत. हमीदार राहिला की पाच वर्षं त्याला स्वतःला कर्ज घेता येत नाही. त्यांना फ्लॅट घ्यायचाय. बायकोने आठवण करून दिली असेल. गुरुवारी सव्वाचारला आले, हमी काढून घेतली. तो त्यांचा हक्क आहे."

"हक्क आहे. मग ताईला तसं का नाही सांगितलं?"

"त्यांनी हात जोडले. म्हणाले, बहिणीला माझं नाव कळू देऊ नका. आता त्यांचं फ्लॅटसाठी आमच्याकडे पंधरा वर्षांचं कर्ज, दर महिन्याला पगारातून परस्पर कापून येणार. असा माणूस दुखवायचा? तुम्हीच सांगा."

"आणि तिला दुखवलेलं चालतं."

"तिला आम्ही नाही कुठे म्हटलं? पुढच्या महिन्यात परत करा म्हटलं."

"पुढच्या महिन्यात दुकान नसेल, साहेब. गुरुवारी खरं सांगितलं असतं, तर तिला दुसरा हमीदार शोधायला चार दिवस मिळाले असते. मंजुरी होतीच. नुसता हमीदार बदलायचा होता."

यावर बाई बोलल्या. "मला वाटलं, फाईल हरवली म्हटलं तर ती आमच्यावर चिडेल, शिव्या घालेल, मोकळी होईल. भाऊच नाही म्हणाला हे कळल्यावर ती कुणाला शिव्या घालणार?"

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. म्हणूनच मला राग आवरेना.

"तुम्ही पगारदार आहात ना, बाई? तुम्ही राहता हमीदार?"

"कर्मचाऱ्यांना परवानगी नाही."

"आणि असती तर?"

त्यांनी खण बंद केला.

गाठोडं मी मागितलं. मॅनेजर म्हणाले, अर्जदार येईल तेव्हा तिच्याच हातात देऊ. नियम.

दादाला त्यांनी फोन केला असावा. मी टेबल आवरत होतो तेव्हा तो गॅरेजच्या कपड्यांतच धावत आला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"काका, तोंडावर नाही म्हणता आलं नाही हो मला. तिने मला पहिल्या खोलीची अनामत दिली होती, शिलाई करून. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की माझी सही मला परत हवी म्हणून?"

"मग मी सांगतो."

"नको! तुमच्याकडून नको. मी सांगतो. उद्या रविवार आहे, उद्या घरी जाऊन सगळं सांगतो. एक दिवस द्या मला."

त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, हे भावाच्या तोंडून कळलेलंच बरं. बहीणभावाच्या मध्ये मी कोण? मी त्याला रविवार दिला.

७

सोमवारी सकाळी दहाला मी दुकानात गेलो. ताई गणवेशांना काजं करत होती. मला पाहून म्हणाली, "काका, सापडली का?" त्यावरून मला समजलं, की दादा आलाच नव्हता.

मी सगळं सांगितलं. पावतीचा आकडा, धूळ, फीत, फ्लॅट. तिने मशीन थांबवलं, पण पेडलवरचा पाय काढला नाही. मला वाटलं, ती रडेल किंवा मला म्हणेल, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. ती म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"शनिवारी."

"शनिवारी केव्हा?"

"एक वाजता."

"आज सोमवार आहे, काका."

मी म्हणालो, दादाने एक दिवस मागितला होता.

"माझ्यातलाच ना?" ती म्हणाली. "सगळ्यांनी माझ्यातलेच दिवस वाटून घेतलेत. तुम्हीसुद्धा."

मग ती उठली. दुकानाला कुलूप लावलं आणि ज्यांचे कपडे ती वर्षानुवर्षं शिवत होती, त्या पगारदारांच्या दारोदार निघाली. मी तिच्यामागे होतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, नवऱ्याला विचारावं लागेल. टपाल कचेरीतले गृहस्थ म्हणाले, तत्त्व म्हणून मी कुणाला हमी राहत नाही, आणि तिनेच आखूड केलेल्या पँटच्या खिशात हात घालून आत गेले. साडेअकराला इस्पितळातल्या नर्सबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "सही कुठे करायची?"

ताईला त्या उत्तराची तयारी नव्हती. ती भिंतीला टेकली.

नर्सबाईंच्या पगाराच्या पावत्या इस्पितळाच्या बिल विभागातून शिक्का मारून घ्याव्या लागल्या. तिथला माणूस जेवायला गेला होता. त्या म्हणाल्या, "काल रविवारी सांगितलं असतंत, तर आज सकाळी कामावर येता येता घेतल्या असत्या." त्यांनी हे सहज म्हटलं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. पावत्या मिळाल्या दोन वाजता. अडीचला आम्ही तिघं जिना चढलो. मॅनेजरांनी कागद तपासले. हमीदार चालेल म्हणाले, सगळं नीट आहे म्हणाले.

"फक्त चेकवर दोन सह्या लागतात. सचिव आज एक वाजता निघून गेले, लग्नाला. उद्या सकाळी दहाला चेक तुमच्या हातात."

दीड तासाने चुकलं. जागामालकाकडे आम्ही पावणेचारला पोहोचलो. नर्सबाई त्याच्याशी भांडल्या, मी हात जोडले. ताईने फक्त विचारलं, "उद्या दहापर्यंत थांबता येईल?" तो म्हणाला, "बाई, मी चारपर्यंत थांबलो की नाही? शब्द पाळला की नाही?" चार वाजून दहा मिनिटांनी त्याने दुसऱ्याकडून अनामत घेतली.

८

आठवडाभराने तिने दुकान खाली केलं. तीन मशिनं, कापायचं टेबल, मुलीची पुस्तकं. दादा गॅरेजमधला ओळखीचा टेम्पो घेऊन आला. आपणहून आला, कुणी बोलावलं नव्हतं. टेबलाचं एक टोक त्याने धरलं, एक तिने. दोघांनी ते नेहमीसारखं तिरकं करून दारातून काढलं आणि टेम्पोत चढवलं. मग तो म्हणाला, "सामान आमच्याकडे ठेव. जागा मिळेपर्यंत राहाही. तुझी वहिनीच म्हणाली."

ताईने पदराने कपाळ पुसलं.

"त्या शुक्रवारी मी वरून तुला फोन केला होता. फाईल हरवली सांगायला."

"हो."

"तू उचलला नाहीस. नंतर म्हणालास, कामावर होतो."

तो टेबलाला बांधलेली दोरी पुन्हा आवळू लागला.

"मॅनेजरच्या बंद केबिनमध्ये रिंग वाजत होती. मी बाहेर बाकड्यावर होते. मला वाटलं, अरे, दादासारखीच रिंग आहे कुणाचीतरी. बरंसुद्धा वाटलं क्षणभर."

"फ्लॅटच्या अर्जावर सही करायला बोलावलं होतं मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू तिथे येशील हे ठाऊक नव्हतं. काकांनी टेबल मांडायच्या आधीच वर गेलो होतो, आणि तू जाईपर्यंत, मग काका उठेपर्यंत, आतच बसून राहिलो."

तिने टेम्पोवाल्याला पत्ता सांगितला. नर्सबाईंच्या इमारतीत तळमजल्यावर एक अरुंद खोली भाड्याने मिळाली होती, पाटी लावायला जागा नसलेली. ती चालकाच्या शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं. दादा रस्त्यावर उभा राहिला. टेम्पो त्यानेच आणला होता, पण त्याच्यासाठी आत जागा उरली नव्हती.

मी पतसंस्थेविरुद्ध तक्रार लिहिली. चार पानी. ताईने सही केली. उत्तर आलं नाही. माझं टेबल मात्र महिन्याभरात जिन्याखालून उठवलं गेलं, जागा मोकळी हवी म्हणून. आता मी समोरच्या फुटपाथवर बसतो. लोक तिथेही येतात. परवा खिडकीतल्या बाई रस्ता ओलांडून आल्या आणि उगीचच माझ्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.

दादाला फ्लॅट मिळाला. नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ताईलाही छापील पत्रिका आली. ती घेऊन ती माझ्याकडे आली, स्टूल ओढून बसली. तिच्या बोटांना निळा खडू लागला होता.

"काका, तुम्हाला अर्जातलं सगळं कळतं. एक सांगा. आपण येणार नाही, हे कळवायचं असेल, तर कारण द्यावं लागतं का?"

"नाही," मी म्हणालो. "इथे नाही."

"मग बरं," ती म्हणाली. पत्रिका माझ्या टेबलावर ठेवून ती कामाला निघून गेली.